विद्यापीठाच्या घरचा जमाखर्च



पाडवा झाला की आमच्या तालुक्यातल्या एका घरात एक वही उघडली जाते. शाळेतल्या पोराची असते तशीच, दोनशे पानी. घरच्या वहिनी गेली तीसेक वर्षे ती लिहीत आल्या आहेत. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च. दुधाचा पगार, हरभऱ्याची पट्टी, विकलेला गोऱ्हा एकीकडे. खत, औषध, मजुरी, दवाखाना, लग्नकार्यातला आहेर दुसरीकडे. वर्षाची बेरीज झाली की अण्णांना, म्हणजे आपल्या यजमानांना, समोर बसवून त्या ती वाचून दाखवतात. त्या दिवशी आपल्याला जेवण गोड लागत नाही, असे अण्णा स्वतःच सांगतात.

यंदा त्या सुमारास मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा माझ्या पिशवीत कृषी विद्यापीठाचा एक वार्षिक अहवाल होता. वहिनींनी तो हातात घेतला, पाने उलटली, फोटो पाहिले आणि विचारले, "भाऊसाहेब, यात त्यांची जमा कुठं अन् खर्च कुठं? अन् आमच्या वाट्याचं पान कोणतं?"

प्रश्न साधा होता. उत्तर द्यायला मला दोन कप चहा लागला आणि तरी ते पुरे झाले नाही. म्हणून हा लेख.

खरे सांगायचे तर मी स्वतः कृषी पदवीधर, पण नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत हा अहवाल एकदाही पुरता वाचला नव्हता. कचेरीत यायचा, कपाटात जायचा. आपण शेतकरी तर तो बघतच नाही. आपल्याला विद्यापीठ ठाऊक असते ते बियाण्याच्या पिशवीवरून, नाही तर मेळाव्यातल्या मांडवावरून. पण या संस्थेचा गाडा आपल्याच कराच्या पैशावर चालतो आणि तिचे काम आपल्या बांधापर्यंत आले नाही तर तोटा आपलाच होतो. तेव्हा तिच्या घरचा हिशेब वाचायला आपण शिकले पाहिजे.

हे घर कोणाचे?

थोडी मागची हकिगत सांगतो. शेतीचे शिक्षण आपल्याकडे जुने आहे. पुण्याचे कृषी महाविद्यालय हे आपल्या कृषी विद्यापीठांहून सुमारे साठ वर्षांनी थोरले. पण पूर्वी संशोधन शेती खात्याकडे, शिक्षण महाविद्यालयाकडे आणि शेतकरी आपल्या शेतात, अशी तीन तोंडे तीन दिशांना होती. अमेरिकेत १८६२ साली कायदा करून प्रत्येक राज्याला सरकारी जमीन दिली गेली आणि तिच्या उत्पन्नावर शेतीची महाविद्यालये उभी राहिली. शिकवणे, शोध लावणे आणि तो शेतकऱ्याच्या दारात नेणे ही तिन्ही कामे पुढे त्यांनी एकाच छपराखाली आणली. तोच नमुना पुढे ठेवून १९६० साली उत्तरेत पंतनगरला आपल्या देशातले पहिले कृषी विद्यापीठ निघाले. महाराष्ट्रात वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९६८ साली राहुरीचे विद्यापीठ स्थापन झाले. १९६९ साली अकोल्याचे, आणि १९७२ च्या मे महिन्यात एकाच दिवशी परभणीचे आणि दापोलीचे. राहुरीला महात्मा फुल्यांचे, अकोल्याला पंजाबराव देशमुखांचे, दापोलीला बाळासाहेब सावंतांचे आणि परभणीला वसंतराव नाइकांचे नाव आहे.

राहुरीचे उदाहरण मी पुढे वारंवार घेणार आहे, कारण आमचा भाग त्याच्याकडे येतो. पश्चिम महाराष्ट्र आणि खानदेश मिळून दहा जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात आहेत. कोल्हापूरच्या भातापासून सोलापूरच्या कोरडवाहू ज्वारीपर्यंत आणि जळगावच्या केळीपासून पाडेगावच्या उसापर्यंत, सगळे त्यातच.

एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. ही विद्यापीठे उभी राहिली ती कुणाच्या तरी जमिनीवर. राहुरीच्या मध्यवर्ती प्रक्षेत्रासाठी भोवतालच्या गावांतल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि त्यांच्या वारसांच्या नोकरीचा प्रश्न पुढे कित्येक वर्षे गाजत राहिला. तेव्हा अहवालात 'प्रक्षेत्र' हा शब्द आला की तो वाचताना क्षणभर थांबावे. एकूण जमीन किती आणि त्यातली पेरलेली किती, हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. ज्याची जमीन गेली त्याच्या नातवाला तरी ते विचारायचा हक्क आहेच.

आता या घराचा कारभारी कोण? राज्यपाल चारही कृषी विद्यापीठांचे कुलपती असतात, कृषिमंत्री प्रतिकुलपती. रोजचा कारभार कुलगुरूंकडे. त्यांची नेमणूक पाच वर्षांसाठी होते. त्यांच्या हाताखाली शिक्षण, संशोधन आणि विस्तार शिक्षण असे तीन संचालक. कुलसचिव दप्तर सांभाळतात, नियंत्रक तिजोरी. चारही घरांत मेळ राहावा म्हणून पुण्याला महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषद आहे. हे सगळे १९८३ च्या कायद्याने ठरलेले.

पण तुमच्या-माझ्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती कार्यकारी परिषद. विद्यापीठाचे अंदाजपत्रक तिच्यापुढे येते. मोठे निर्णय तिथे होतात. कुलगुरू तिचे अध्यक्ष असतात, काही आमदार सदस्य असतात, शास्त्रज्ञ असतात आणि शेतकऱ्यांचे प्रतिनिधीही असतात. हो, शेतकऱ्यांचे! ग्रामपंचायतीचा सदस्य आपल्याला नावाने ठाऊक असतो. सोसायटीच्या निवडणुकीला आपण रात्री जागवतो. पण आपल्या वतीने विद्यापीठाच्या बैठकीला कोण बसतो, हे गावात विचारून पाहा. मी तीन गावांत विचारले. एकाने माझेच नाव सांगितले!

हे प्रतिनिधी नेमले जातात, निवडून येत नाहीत. नेमणूक लांबली तर खुर्ची रिकामी राहते आणि रिकाम्या खुर्चीला प्रश्न विचारता येत नाही. अहवालाच्या सुरुवातीला परिषदेच्या सदस्यांची यादी असते. ती बहुतेक लोक उलटून पुढे जातात. तुम्ही तिथेच थांबा. आपल्या भागातला कुणी असेल तर त्याचे गाव शोधा. लग्नाच्या पंगतीत भेटला तर बियाण्याचा विषय काढा.

बारा आणे आणि चार आणे

आता जमेची बाजू पाहू. वहिनींच्या वहीत जमेला दूध आणि हरभरा, तसे विद्यापीठाच्या जमेला मोठे म्हणजे राज्य सरकारचे अनुदान. त्याखालोखाल दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा पैसा. ही परिषद १९२९ ची, इंग्रजांच्या अमलातली. देशभर एकाच पिकावर निरनिराळ्या ठिकाणी जे काम चालते त्याला अखिल भारतीय समन्वित प्रकल्प म्हणतात. ज्वारीचा, हरभऱ्याचा, गव्हाचा, उसाचा, असे पुष्कळ आहेत. त्यांच्या खर्चात रुपयातले बारा आणे दिल्लीचे आणि चार आणे राज्याचे, अशी वाटणी रूढ आहे. कृषी विज्ञान केंद्रांचा भार दिल्लीच उचलते. मग विद्यार्थ्यांची फी, खास योजनांचे पैसे, आणि शेवटी विद्यापीठाची स्वतःची कमाई: बियाणे, कलमे-रोपे, दूध, शेतमाल. बियाण्यासाठी फिरता निधी असतो. म्हणजे विकून आलेला पैसा पुन्हा बियाणे तयार करण्यातच घालायचा. आपण पुढच्या पेरणीचे बी आणि खताचे पैसे बाजूला काढून ठेवतो तसेच.

ही चार आणे-बारा आणेची गोष्ट वरवर किरकोळ वाटते. पण ज्याने बैलजोडी हाकली आहे त्याला ती लगेच कळेल. एक बैल कितीही तगडा असला तरी दुसरा बसला की गाडी जागची हलत नाही. राज्याचे चार आणे वेळेवर आले नाहीत तर दिल्लीच्या बारा आण्यांचे कामही अडते. आणि पेरणी काही कुणासाठी थांबत नाही. हस्ताच्या ओलीवर पेरायचा प्रयोग, मंजुरी दिवाळीनंतर आली, तर त्या वर्षीचा प्रयोग गेला. पैसा नंतर खर्ची पडला तरी वर्ष परत येत नाही.

खर्चाच्या बाजूला दोन शब्द शोधा: 'वेतन' आणि 'वेतनेतर'. साऱ्या अहवालातले मला हे सर्वांत मोलाचे दोन शब्द वाटतात. वेतन म्हणजे पगार, त्यालाच लागून निवृत्तांचे पेन्शन. वेतनेतर म्हणजे मजूर, डिझेल, खत, प्रयोगशाळेतली रसायने, विहिरीवरची मोटर, शास्त्रज्ञाच्या जीपचे टायर. पगाराचा वाटा मोठा असणार हे उघड आहे, माणसांशिवाय संशोधन होत नाही, आणि पगार देणे चूक आहे असे मी म्हणणार नाही. मी स्वतः पगारावरच जगलो. पण समजा तुम्ही सालगडी ठेवला, त्याचा पगार महिन्याच्या महिन्याला दिला, आणि त्याच्या हातात ना बी दिले ना औत. वर्षाच्या शेवटी त्याने काय पिकवले हे कोणत्या तोंडाने विचाराल? तेव्हा एकूण अनुदान वाढले एवढे वाचून खूश होऊ नका. वाढ कोणत्या बाजूला झाली ते पाहा.

दुसरा शोधायचा शब्द म्हणजे 'रिक्त पदे'. कृषी विद्यापीठांत मंजूर जागांपैकी कितीतरी जागा भरल्या जात नाहीत, ही तक्रार गेली अनेक वर्षे ऐकू येते आहे. जागा रिकामी राहिली की पगार वाचतो, त्यामुळे हिशेबाच्या पानावर ती बचत दिसते. वहिनींच्या वहीतही असे एक वर्ष आहे, खर्च कमी आणि शिल्लक भरपूर. त्या वर्षी अण्णा आजारी होते आणि दोन एकर पडीक राहिले होते.

चाफा गेला, विजय आला

या घराची आणि माझी ओळख कशी झाली ते सांगितले पाहिजे, कारण वहिनींच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यातच आहे.

मी नुकताच नोकरीला लागलो होतो, १९९० नंतरची ती वर्षे. अण्णांच्या रानात चाफा हरभरा असायचा. बाजारात त्याला भाव चांगला, पण मर रोगाला तो हमखास बळी पडायचा. त्या साली घाटे धरायच्या ऐन वेळी एका कडेने झाडे माना टाकू लागली. आठ दिवसांत शिवार पिवळे पडले. अण्णांनी दुकानदाराच्या सांगण्यावरून दोनदा फवारणी केली. मर रोगाची बुरशी जमिनीत असते, मुळातून शिरते; वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. पैसा गेला आणि पीकही गेले. त्यावर्षी त्यांच्या घरात थोरल्या मुलीचे लग्न ठरलेले होते. ते एक वर्ष पुढे ढकलावे लागले. मांडवाची बोली झालेली, पाहुण्यांना निरोप पाठवायचा, तो निरोप घेऊन जाताना अण्णांची मान वर होत नव्हती. त्याच चैत्रात वहिनींनी वही धरली. पहिल्याच पानावर, खर्चाच्या बाजूला, त्या दोन फवारण्या आहेत. मी पाहिल्या आहेत.

राहुरीचा 'विजय' हरभरा त्याच सुमारास प्रसारित झालेला होता. मर रोगाला दाद न देणारा, जिरायत आणि बागायत दोन्हीकडे चालणारा. मी मोठ्या उत्साहाने चावडीवर सभा घेतली आणि सांगितले, पुढच्या हंगामात विजय पेरा. लोकांनी माना डोलावल्या. पेरणीच्या वेळी वीस-पंचवीस शेतकरी तालुक्याच्या ठिकाणी बी आणायला गेले, तर तिथल्या गुदामात एक पिशवी नव्हती. मागणी कळवायचा कागद एका टेबलावर राहून गेला होता, असे नंतर कळले. शिव्या मला बसल्या आणि त्या बसणे योग्यच होते. सभा मी घेतली होती, बी आहे की नाही हे विचारायचे मला सुचले नव्हते.

शेवटी वहिनींनी मार्ग काढला. त्यांच्या माहेरकडे एका नातलगाने विजय केला होता. दिवाळीला भाऊबीज घेऊन येताना त्यांनी भावाकडून ओवाळणीत साडीऐवजी पाच किलो बी मागून घेतले. ते पाटाच्या कडेच्या गुंठ्या-दोन गुंठ्यांत टोकले. पुढच्या वर्षी त्याचे अर्धा एकर झाले, त्याच्या पुढच्या वर्षी सगळे रान. मुलीचे लग्न झाले ते त्याच हरभऱ्यावर.

आता हे विद्यापीठाच्या अहवालात कसे दिसले असेल? 'हरभऱ्याचा विजय हा वाण प्रसारित' एवढी एक ओळ. ती ओळ खरी होती. पण त्या ओळीपासून अण्णांच्या रानापर्यंतची वाट रिकामी होती, आणि ती वाट कुणा एकाच्या अहवालात मावत नाही. वाण विद्यापीठाचा, बी महामंडळाचे आणि इतरांचे, प्रसार आमच्या खात्याचा. विद्यापीठ झाले तेव्हा संशोधन तिकडे गेले, गावोगावची विस्ताराची माणसे इकडे राहिली. दोन घरांच्या मधल्या बोळात जे सांडते ते कुणीच उचलत नाही.

म्हणून नव्या वाणांची यादी वाचून झाली की 'पैदासकार बियाणे' हा तक्ता काढा. शास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली तयार होणारे हे मूळ बी. त्याच्या पिशवीला पिवळी खूणचिठ्ठी असते. त्यापासून पायाभूत बियाणे, त्याची चिठ्ठी पांढरी. त्यापासून प्रमाणित बियाणे, ते तुम्ही दुकानातून आणता, चिठ्ठी निळी. हरभऱ्याचा हिशेब मी वहिनींना त्यांच्याच वहीच्या मागच्या पानावर करून दाखवला. एकरी ३० किलो बी धरा. एक क्विंटल पैदासकार बियाण्यात तीन-सव्वातीन एकर पेरून होते. एकरी साडेसात क्विंटल उतारा धरला तर सुमारे २५ क्विंटल पायाभूत बी मिळते. त्यात ८० एकर पेरले जातात आणि ६०० क्विंटल प्रमाणित बी तयार होते. ते २,००० एकरांना पुरते. चाळणीत गेलेले, तपासणीत नापास झालेले वजा केले तरी दीड हजार एकर कुठे जात नाहीत.

याचाच उलटा अर्थ असा की विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर आज एक क्विंटल पैदासकार बियाणे कमी पिकले, तर तीन वर्षांनी दीड हजार एकरांवरच्या शेतकऱ्यांना त्या वाणाचे बी मिळणार नाही. आज कुणाला काही जाणवणार नाही. तीन वर्षांनी बी का नाही हे कुणाला आठवणार नाही. वहिनी त्या आकड्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

दहा वर्षांपूर्वीचे पान

वार्षिक अहवालाची खरी अडचण इथेच आहे. तो वर्षाचा असतो आणि संशोधन वर्षाचे नसते. ज्वारी-बाजरीचा हिशेब सुगीला होतो. आंब्याच्या कलमाचा हिशेब पहिल्या वर्षी मागितला तर काय दाखवाल? खड्डा आणि पाण्याचा खर्च.

उसाच्या वाणांची नावे पाहा. आपण सगळे को ८६०३२ म्हणतो, पण त्या आकड्याकडे कधी नीट पाहत नाही. को म्हणजे कोइमतूर, ८६ म्हणजे १९८६ साल. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने चाचण्या घेऊन महाराष्ट्रासाठी त्याची शिफारस केली ती १९९६ साली. मधली दहा वर्षे तो ऊस नुसता पारखला जात होता. त्या दहा वर्षांच्या प्रत्येक अहवालात त्याच्या नावावर खर्चच होता, जमेला काही नव्हते. पुढे राज्यातल्या उसाच्या क्षेत्राचा फार मोठा भाग त्याच्याखाली आला. पाडेगावचाच फुले २६५, म्हणजे कोएम ०२६५, क्षारपड रानातही तग धरतो. तो शेतकऱ्यांकडे आला २००७ साली. आणि हे केंद्र स्वतः आहे १९३२ चे, विद्यापीठाच्या पुष्कळ आधीचे.

डाळिंबाची गोष्ट तर याहून लांबची. पुण्याच्या गणेशखिंड बागेत डॉ. चिमा यांनी १९३६ साली निवडलेले डाळिंब पुढे १९७० साली 'गणेश' या नावाने ओळखले जाऊ लागले. त्या गणेशचा एका लाल दाण्याच्या परदेशी जातीशी संकर करून राहुरीत मृदुला आणि भगवा निघाले. भगव्याने सोलापूर, नाशिक, सांगोला भागातल्या किती माळरानांवर बंगले उभे केले ते तुम्ही पाहिले आहे. पुढे तेल्या रोगाने त्यातल्या किती बागा तोडायला लावल्या, तेही पाहिले आहे. त्या रोगाला दाद न देणारे झाड हवे असेल तर ते आजच्या कुठल्या तरी रोपवाटिकेत, कुठल्या तरी वेतनेतर खर्चाच्या ओळीत असायला हवे.

आणि काही गोष्टी हिशेबात चक्क तोट्याच्या दिसतात. हरभऱ्याच्या संशोधनासाठी एक तुकडा मुद्दाम रोगट ठेवतात. मर रोगाची बुरशी त्या मातीत जाणूनबुजून जोपासलेली असते. दरवर्षी त्यात शेकडो ओळी टोकायच्या, बहुतेक मरतात, जगलेल्यांचे बी पुढे घ्यायचे. त्या तुकड्याचे उत्पन्न विचाराल तर जवळजवळ शून्य. एखाद्या काटकसरी कारकुनाने प्रक्षेत्राचे उत्पन्न वाढवण्यासाठी तो तुकडा मोडून तिथे मका लावला, तर त्या वर्षीच्या अहवालात जमा वाढलेली दिसेल. आणि आपले अण्णा पुन्हा फवारणी करत बसतील.

म्हणून माझे म्हणणे असे, की एका वर्षाचा अहवाल एकटा वाचू नका. दहा वर्षांपूर्वीचा शेजारी ठेवा. तेव्हा ज्या पिकांवर काम सुरू असल्याचे लिहिले होते, त्यांचे आज काय झाले? तेव्हा जे 'प्रगतिपथावर' होते ते पोचले की अजून पथावरच आहे? तेव्हा ज्या केंद्रावर चार शास्त्रज्ञ होते तिथे आज किती आहेत? मेळावे किती झाले, उपस्थिती किती, कोणाचा सत्कार कोणाच्या हस्ते, ही पाने खुशाल उलटून टाका. आमच्या खात्याच्या अहवालातही ती असतात आणि ती आम्हीच लिहितो, म्हणून सांगतो.

दरवर्षी चारही विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांची एक संयुक्त बैठक भरते, पाळीपाळीने एकेका विद्यापीठात. नवे वाण, अवजारे आणि शिफारशी तिथे घासून-पुसून पुढे येतात. त्या वेळी वर्तमानपत्रात बातमी येते. ती कापून ठेवा. तीन-चार वर्षांनी त्यातल्या वाणाचे बी तालुक्याला मागा. नसेल तर का नाही हे लेखी विचारा. १९६६ च्या बियाणे कायद्याप्रमाणे, केंद्राने अधिसूचित केलेल्या वाणाचेच प्रमाणित बी होऊ शकते; तेव्हा पहिला प्रश्न तोच, अधिसूचित झाला का?

अहवाल कुठे मिळेल असे बरेच जण विचारतील. विद्यापीठाच्या ग्रंथालयात असतो, विस्तार शिक्षण संचालकांच्या कचेरीत चौकशी करावी, मुलगा-मुलगी कृषी महाविद्यालयात शिकत असेल तर त्यांच्याकरवी मागवावा. नाहीच मिळाला तर २००५ सालचा माहिती अधिकाराचा कायदा आहे. दहा रुपयांचे शुल्क भरून जनमाहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. अर्ज करताना 'सर्व माहिती द्यावी' असे लिहू नका, त्याला उत्तरही तसेच मोघम येते. नेमके मागा: अमुक पिकाचे पैदासकार बियाणे गेल्या पाच वर्षांत दरवर्षी किती झाले, मागणी किती होती. आणि बी घ्यायचे तर थेट विद्यापीठाच्या दारात जायलाही हरकत नाही. परभणीला स्थापनादिनी, १८ मे रोजी, खरिपाचा मेळावा भरतो आणि बी विकले जाते. अकोल्याच्या शिवारफेरीत उभी पिके पाहायला मिळतात. तिथे बैलगाडीच्या चाकोरीतून चालल्यासारखे रांगेत पुढे सरकू नका. प्लॉटशी थांबून शास्त्रज्ञाला विचारा, या प्रयोगाला यंदा पैसे वेळेवर मिळाले का? विचारणारा कुणी भेटला याचाच त्यांना आनंद होतो, असा माझा अनुभव आहे.

वहिनींनी त्या दिवशी आपल्या वहीच्या शेवटच्या पानावर तीन रकाने आखले. हरभऱ्याचे पैदासकार बियाणे, प्रक्षेत्रावर पेरलेली जमीन, रिकाम्या जागा. अहवालातून मिळाले तेवढे आकडे भरले, एक रकाना कोरा राहिला. मग म्हणाल्या, "दहा वर्षांमागचा आणा, भाऊसाहेब. एका सालावरून मी यांचाही हिशेब करत नाही." अण्णा खाली बघून सुपारी कातरत होते.

मी शोध सुरू केला. एका निवृत्त मित्राच्या माळ्यावर एक जुना अहवाल सापडला आहे. पुढची पाने शाबूत आहेत, छायाचित्रेही स्वच्छ आहेत. जमाखर्चाची मागची पाने तेवढी वाळवीने खाल्ली आहेत. ती दुसरीकडून मिळवायची आहेत.